मिशनयात्रा की मिरवणूक?

अलीकडे आपल्या धर्मग्रामांतून एक नवा शब्दप्रयोग रूढ होऊ लागला आहे : 'मिशन ट्रिप'. नाताळच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा-पंधरा तरुण-तरुणींचा गट, सोबत दोन-चार उत्साही वडीलधारी मंडळी, असा जथा आफ्रिकेतील अथवा आग्नेय आशियातील एखाद्या देशात दहा-बारा दिवसांसाठी जातो. तेथील मुलांना गाणी शिकवतो, शाळेच्या भिंतीला रंग देतो, कपडे वाटतो, आपल्या श्रद्धेची साक्ष देतो आणि परत येतो. जाण्यापूर्वी वर्गणी गोळा होते, एकाच रंगाचे टी-शर्ट छापून येतात, रविवारच्या मिस्साबलिदानानंतर सर्वांना वेदीसमोर उभे करून आशीर्वाद दिला जातो. परतल्यावर सभागृहात पडद्यावर छायाचित्रे दाखवली जातात, टाळ्या पडतात, आणि पुढच्या वर्षीच्या यात्रेची नावनोंदणी सुरू होते. मोठ्या शहरांतील हे लोण आता आमच्या कृष्णाकाठच्या विखुरलेल्या ख्रिस्ती घरांपर्यंत येऊन पोहोचले आहे.

या प्रथेविरुद्ध मला लिहायचे आहे. मिशनकार्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तसे करणे म्हणजे ज्या फांदीवर बसलो तीच तोडणे होईल. सातासमुद्रापलीकडून कोणी आले नसते, तर या नियतकालिकाला वाचक मिळाले नसते आणि मला वेदी मिळाली नसती. माझी तक्रार तयारीविषयी आहे. ज्याला आपण तयारी म्हणतो आहोत ती प्रवासाची तयारी आहे. मिशनची तयारी ही अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि ती केल्यावाचून कोणालाही वेदीसमोर उभे करून 'पाठवणे' हे त्या वेदीलाही शोभत नाही आणि ज्यांच्याकडे आपण पाठवतो त्यांच्यावरही अन्याय करणारे आहे.

अशा एका यात्रेचे तयारीचे पत्रक माझ्यासमोर आहे. पत्रक मोठे नेटके आहे. पासपोर्ट, व्हिसा, पीतज्वराची लस, हिवतापाच्या गोळ्या, उन्हाचा मलम, मोबाईलची जादा बॅटरी, गिटार, फुगे, चॉकलेटे, वर्गणीचे हप्ते. सारे काही क्रमवार दिले आहे. यातील एकही गोष्ट अनावश्यक नाही. लस घेतलीच पाहिजे. त्याबाबत निष्काळजीपणा करणारा स्वतःलाही बुडवतो आणि इतरांनाही. परंतु दोन पानांच्या त्या पत्रकात तेथील लोक कोणती भाषा बोलतात याचा उल्लेख नाही. तेथील बिशप महाशय कोण, त्यांनी बोलावले आहे काय, त्या लोकांना कशाची गरज आहे, हे त्यांना कोणी विचारले आहे काय, याबद्दल चकार शब्द नाही. जणू ती माणसे म्हणजे आपल्या सत्कर्माची वाट पाहत बसलेला एक देखावाच आहे!

आता पवित्र शास्त्राकडे वळू या. प्रेषितांच्या कृत्यांच्या तेराव्या अध्यायात अंत्युखियाची ख्रिस्तसभा पौल आणि बर्णबा यांना पाठवते. कशी पाठवते? उपवास करून, प्रार्थना करून, डोक्यावर हात ठेवून. आणि हा पौल कालपरवा बाप्तिस्मा घेऊन आलेला उत्साही तरुण नव्हता. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच सांगतो की पाचारणानंतर तो अरबस्तानात गेला, दमास्कसला परतला आणि तीन वर्षांनी यरुशलेमेत पेत्राला भेटला. त्याच पहिल्या प्रवासात बरोबर गेलेला योहान मार्क अर्ध्या वाटेवरून घरी परतला, हेही शास्त्राने लपवलेले नाही. प्रभूने बाहत्तर शिष्यांना पाठवले तेव्हा थैली, झोळी, पायतण काहीही बरोबर घेऊ नका, असे बजावले. ज्या घरी उतराल तेथेच राहा, समोर वाढतील ते खा, असे सांगितले. याचा अर्थ काय? पाठवलेल्या माणसाने दाता बनून जाऊ नये, पाहुणा बनून जावे. त्याने यजमानाच्या हातचे खावे, यजमानाच्या मर्जीने राहावे. आमची पत्रके नेमके उलटे सांगतात : झोळी भरून न्या, आपले खाणे बरोबर न्या, मुक्काम हॉटेलात ठेवा आणि दुपारी वस्तीवर जाऊन वाटप करा.

कोणी म्हणेल, फादर, हे दोन हजार वर्षांपूर्वीचे झाले. आपल्या लोकांचे काय? तर आपल्याच लोकांकडे येतो.

वसईच्या संत गोन्सालो गार्सियाचे नाव आपण अभिमानाने घेतो. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवून मारण्यात आले, त्यांत हा वसईचा पुत्र होता. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिले. त्याचा मृत्यू आपल्या लक्षात राहतो. त्याची तयारी मात्र आपण विसरतो. किशोरवयात तो जेजुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेला. तेथे वर्षानुवर्षे राहून त्याने जपानी भाषा आत्मसात केली, धर्मशिक्षक म्हणून काम केले, पुढे व्यापार केला आणि अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश घेतला. १५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू जपानला निघाले तेव्हा त्यांना जपानी येत नव्हती. म्हणून त्यांनी या बंधूला दुभाषी म्हणून बरोबर घेतले. तो गुरुदीक्षा घेतलेला नव्हता, मोठा विद्वान म्हणून त्याची ख्याती नव्हती. त्याच्यापाशी लोकांची भाषा होती. वसईच्या या पहिल्या संताला जपानच्या किनाऱ्यावर दुसऱ्यांदा नेणारा आशीर्वाद म्हणजे त्याची ती कमावलेली भाषा होय.

दुसरे उदाहरण गोव्याचे. बाणावली येथे १६५१ साली जन्मलेले संत जोसेफ वाझ १६८७ साली श्रीलंकेत शिरले ते मजुराच्या वेषात, कारण तेथील डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातली होती. त्यांनी तमिळ शिकून घेतली, सिंहली शिकून घेतली. कँडीच्या राज्यात त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून कैद करण्यात आले, तेव्हा कैदेचे दिवसही त्यांनी सिंहली शिकण्यात घालवले. देवीची साथ आली आणि लोक आपल्याच माणसांना टाकून पळाले, तेव्हा वाझ यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. त्यात त्यांनी आपला आणि परका असा भेद केला नाही. चोवीस वर्षे ते त्या भूमीवर राहिले आणि १७११ साली तेथेच त्यांनी देह ठेवला. २०१५ च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संत म्हणून घोषित केले. या सत्पुरुषापाशी परतीचे तिकीट नव्हते.

आणि आपल्याकडे आलेल्यांचे काय? इंग्रज जेजुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राचोल येथे छापून झाले. मध्ये सदतीस वर्षे गेली! सदतीस वर्षे ते आपल्या लोकांत राहिले, त्यांची बोली ऐकली, त्यांची पुराणे कशी सांगितली जातात ते पाहिले, आणि मग ओवीत ख्रिस्तकथा सांगितली. जर्मनीहून आलेल्या फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' सुरू केले ते मराठीत, जर्मनमध्ये नव्हे. आमच्या कुरुंदवाडपासून तासाभराच्या अंतरावर मिरज आहे. तेथे प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभे केले. ते १८८९ साली भारतात आले आणि १९२८ पर्यंत येथे राहिले. ते आपल्या पंथाचे नव्हते; परंतु कृष्णाकाठच्या किती घरांतून आजही त्यांचे नाव आदराने घेतले जाते! त्यांनी दहा दिवसांत काही औषधे वाटून, छायाचित्रे काढून प्रयाण केले असते, तर आज त्यांचे नाव कोणाला ठाऊक असते?

धर्माबाहेरचेही एक उदाहरण देतो, कारण ते आमच्या गावचे आहे. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला. बालपणी फटाक्याच्या अपघातात त्यांची दृष्टी अधू झाली. मग मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या पायाशी बसून त्यांनी वर्षानुवर्षे गायनाची तालीम घेतली. त्यानंतर ते मुलूख सोडून उत्तरेकडे गेले आणि १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. परक्या प्रांतात, परक्या भाषेच्या लोकांत त्यांनी आपले संगीत रुजवले. हे सुद्धा एक मिशनच होते. परंतु लाहोरची गाडी पकडण्यापूर्वी मिरजेची तालीम झाली होती. सूर लावता येत नाही आणि मैफलीचे आमंत्रण स्वीकारले, अशा गवयाला आमच्या गावात कोणी डोक्यावर घेतले नसते. मग सुवार्तेच्या बाबतीतच आपण इतके उदार का झालो?

ख्रिस्तसभेने याबाबत कधी संदिग्धता ठेवलेली नाही. रोमच्या 'प्रोपगांडा फिदे' या मंडळाने १६५९ साली पूर्वेकडे निघालेल्या धर्माध्यक्षांना जो आदेश दिला, त्याचा आशय असा की, श्रद्धेला आणि सदाचाराला उघड बाधक नसलेले त्या लोकांचे रीतिरिवाज बदलण्याच्या भरीस पडू नका. श्रद्धा न्या, आपला देश तिकडे नेऊ नका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली 'अ‍ॅड जेन्टेस' या आज्ञापत्रात मिशनऱ्याने त्या लोकांचा इतिहास, त्यांची समाजरचना, त्यांच्या चालीरीती जाणून घ्याव्यात आणि त्यांची भाषा अस्खलित बोलण्याइतकी शिकावी, असे स्पष्ट सांगितले. ही शिकवण सेमिनरीत विद्यार्थ्यांकडून घोकून घेतली जाते. मग धर्मगुरू झाल्यावर आम्ही ती वेदीवर विसरून कशी येतो?

येथे माझे तरुण मित्र मला अडवतील. ते म्हणतील, पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० च्या 'रेदेम्प्तोरिस मिस्सिओ' या विश्वपत्रात तरुणांनी मिशनक्षेत्रांना भेटी देण्याची प्रशंसा केली आहे. खरे आहे, केली आहे. परंतु ती शब्दशः नीट वाचावी. सेवा करण्यासाठी आणि ख्रिस्ती जीवनाचा उत्कट अनुभव घेण्यासाठी जे तरुण जातात त्यांची ती प्रशंसा आहे. अनुभव घेण्यासाठी जाणे म्हणजे शिकण्यासाठी जाणे. शिकायला जाणारा आपण शिकवायला निघालो असे फलकावर लिहीत नाही. आपल्या तरुणांनी आफ्रिकेतील ख्रिस्तसभेकडून शिकायला जावे. तेथील मिस्साबलिदान दोन-अडीच तास चालले तरी लोक घड्याळाकडे पाहत नाहीत, हे पाहून यावे. मी स्वतः त्यांची वर्गणी भरीन. फक्त त्याला यात्रा म्हणा, अभ्यास म्हणा. मिशन म्हणू नका, आणि गरिबांच्या नावाने पैसे गोळा करू नका.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'आपण किती दिवस घेत राहायचे? चारशे वर्षे घेतले. आता भारतीय ख्रिस्तसभेने द्यायची वेळ आली आहे.' या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. किंबहुना भारतीय ख्रिस्तसभा कधीपासूनच देते आहे. आज आफ्रिकेतील कितीतरी दवाखान्यांत आणि शाळांत आपल्या भारतीय धर्मभगिनी राबत आहेत, कितीतरी धर्मगुरू दूरवरची धर्मकेंद्रे सांभाळत आहेत. परंतु त्यांना विचारून पाहा. तिकडे पोहोचल्यावर पहिले कित्येक महिने त्यांना केवळ भाषा शिकण्यासाठी बसवले जाते. त्या काळात चाळिशीतील शिकलेली धर्मभगिनी पहिलीतल्या मुलासारखी अडखळत बोलते, मुले तिला हसतात, आणि ती हसू देते. ते हसे सोसणे हीच तिची खरी दीक्षा असते. आपल्या मिशन ट्रिपमध्ये कोणालाच कोणी हसत नाही, कारण दुभाष्याला पैसे देऊन तो प्रसंगच टाळलेला असतो.

तयारीचा प्रश्न मला इतका जिव्हाळ्याचा का वाटतो, हे सांगण्यासाठी मला आमच्या पुराकडे यावे लागेल. कुरुंदवाड हे कृष्णा आणि पंचगंगेच्या कुशीतले गाव, पलीकडे नृसिंहवाडी. २००५ साली पूर आला, २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याहून भयंकर आला, २०२१ च्या जुलैत पुन्हा आला. २०१९ साली सारा शिरोळ तालुका पाण्याने वेढला गेला. माणसे आणि गुरे हलवावी लागली. पाणी ओसरल्यावर घरांत गाळ, गोठ्यांत दुर्गंधी आणि शिवारात कुजलेला ऊस राहिला. तेव्हा मदतीचा ओघ आला आणि त्या ओघाने अनेकांचे प्राण राखले. त्याबद्दल हा तालुका सदैव कृतज्ञ राहील. परंतु घेणाऱ्याच्या बाजूला उभे राहिले म्हणजे मदतीतले दोन प्रकार डोळ्यांना स्वच्छ दिसतात. एक प्रकार असा की, मंडळी आली, त्यांनी आधी विचारले : काय हवे? कोणी सांगितले, जनावरांना चारा हवा. त्यांनी चारा आणला. कोणी सांगितले, प्यायचे पाणी हवे, गाळ काढायला फावडी हवीत. त्यांनी पाणी आणले, फावडे हातात घेतले. दुसरा प्रकार असा की, गाडी भरून जुने कपडे आले, रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग पडले. फलक धरून छायाचित्र निघाले आणि गाडी परत गेली. ज्या बाईच्या हातात फाटका सदरा देऊन तिला कॅमेऱ्याकडे पाहायला सांगितले गेले, तिच्या चेहऱ्यावरचा संकोच ज्याने पाहिला आहे, त्याला आफ्रिकेतील मुलाला कडेवर घेऊन काढलेली छायाचित्रे पडद्यावर पाहताना टाळी वाजवता येत नाही.

आपण कृष्णाकाठची माणसे घेणाऱ्याची बाजू जाणतो. तेव्हा, पुराने आपल्याला जे शिकवले ते विसरून आपणच उद्या दुसऱ्या कोणाच्या दारी जुन्या कपड्यांची गाडी होऊन जायचे काय? शाळेची भिंत रंगवायला आपण जातो. त्या गावात रंगारी नाही काय? गवंडी नाही काय? आपल्या विमानभाड्याच्या पैशांत त्या गवंड्याला किती दिवसांची मजुरी मिळाली असती, हा हिशेब तयारीच्या पत्रकात का नसतो? १८२२ साली फ्रान्समधील लियोन शहरात पौलीन जारिको या तरुणीच्या पुढाकारातून धर्मप्रसारासाठी जी संस्था उभी राहिली, तिचा पाया दर आठवड्याला एक छोटे नाणे देणाऱ्या सामान्य कामगारांवर होता. ही पौलीन स्वतः मिशनक्षेत्रात गेली नाही. २०२२ साली ख्रिस्तसभेने तिला धन्यवादित घोषित केले. लिझ्यूच्या संत तेरेसेने तर मठाचा उंबरठाही ओलांडला नाही; तरी पोप अकरावे पायस यांनी १९२७ साली तिला संत फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने मिशनकार्याची आश्रयदात्री ठरवले. जाणे म्हणजेच मिशन, हे समीकरण ख्रिस्तसभेने कधीच मांडलेले नाही.

आणखी एक धोका आहे. त्याविषयी आपण फारसे बोलत नाही. पाहुणे दहा दिवसांनी परततात. त्यांच्या उत्साहाचे बिल तेथील लहानशा ख्रिस्ती समाजाला भरावे लागते. पर्यटकाच्या व्हिसावर जाऊन धर्मप्रचार केला की कित्येक देशांत कायद्याचा भंग होतो. आपल्या देशातही परदेशी माणसाला तसे करता येत नाही. आपण विमानात बसतो आणि चौकशी होते ती तेथल्या धर्मगुरूची, तेथल्या शिक्षिकेची. आमच्या गावात गणेशोत्सवात मशिदीत गणपती बसवण्याची परंपरा आहे. अशा गावात मूठभर ख्रिस्ती कुटुंबांना शेजाऱ्यांचा विश्वास मिळाला तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या सहवासाने, सुखदुःखात धावून जाण्याने. उद्या कोणी परदेशी जथा येऊन चौकात ध्वनिक्षेपक लावून साक्ष देऊ लागला, तर त्या विश्वासाचे काय होईल, हे मला कोणी सांगायला नको. जे आपल्याला आपल्या चौकात नको, ते आपण दुसऱ्याच्या चौकात कसे करू शकतो?

एक शिष्य मिळवण्यासाठी समुद्र आणि जमीन पालथी घालणाऱ्या शास्त्री-परुश्यांना प्रभूने जे खडे बोल ऐकवले, ते मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात आहेत. तो अध्याय प्रत्येक मिशन ट्रिपच्या पहिल्या सभेत मोठ्याने वाचला जावा, अशी माझी सूचना आहे.

आता समुद्राकडून घराकडे. दिवाळीच्या सुमारास आमच्या शिवारात बीडकडून आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' म्हणून मोजली जाणारी ही माणसे उसाच्या पाचटाच्या कोप्यांत चार-पाच महिने काढतात. पहाटेच्या अंधारात फडात जातात, मोळ्या डोक्यावरून वाहतात. त्यांची लेकरे शाळा सोडून त्यांच्यामागे हिंडतात. कित्येकांची घरची भाषा लमाणी आहे. चर्चच्या पायरीवरून दिसतील इतक्या जवळ या कोप्या असतात. त्यांच्यासाठी व्हिसा लागत नाही, पीतज्वराची लस लागत नाही. आपल्या धर्मग्रामातील किती तरुणांना लमाणीतील दहा शब्द येतात? किती जणांनी एका तरी लेकराला महिनाभर संध्याकाळी अक्षरे गिरवायला शिकवली आहेत? मी त्यांना ख्रिस्ती करा असे म्हणत नाही, गैरसमज नसावा. त्यांच्याजवळ जाऊन बसा, एवढेच म्हणतो. ज्याला कोपीत वाकून शिरता येत नाही, त्याला आफ्रिकेतील झोपडीत ताठ उभे राहून काय सांगता येणार?

आणि जे खरोखरच समुद्रापलीकडे जात आहेत त्यांचे काय? आपल्या घराघरांतून मुले-मुली आखातात नोकरीला जात आहेत. कोणी परिचारिका, कोणी वाहनचालक, कोणी हॉटेलात, कोणी कोणाच्या घरी मुले सांभाळायला. दुबई, कुवेत, मस्कत येथील चर्च याच माणसांनी भरलेली असतात. पौलाला करिंथात आधार दिला तो अक्विला आणि प्रिस्किल्ला या तंबू शिवून पोट भरणाऱ्या जोडप्याने. आपली ही मुले त्याच वंशातली. दहा दिवसांसाठी जाणाऱ्यांना आपण वेदीसमोर उभे करतो, आणि दहा वर्षांसाठी जाणारी मुलगी बॅग उचलून पहाटेच्या एस.टी.ने निघून जाते, तेव्हा धर्मगुरूला त्याचा पत्ताही नसतो! तिची तयारी कोण करून घेतो? करारपत्र कोण वाचून दाखवतो? पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा, अडचण आली तर भारतीय दूतावासात जावे, मिस्साबलिदान कोठे आणि कोणत्या वारी असते, मालकाच्या घरी आपल्या श्रद्धेविषयी कसे आणि किती बोलावे, अरबीत चार सभ्य शब्द कसे उच्चारावे; हे तिला कोणी शिकवतो काय? तीच खरी मिशनला निघालेली आहे, आणि तिला आपण निरोपाचा एक प्रार्थनेचा शब्दही देत नाही.

म्हणून पॅरिश कौन्सिलांपुढे मी चार मागण्या ठेवतो. पहिली : ज्या ठिकाणी जायचे तेथील बिशपांचे लेखी आमंत्रण आल्यावाचून धर्मगुरूने शिफारसपत्र देऊ नये आणि दानपेटी फिरवू नये. दुसरी : जाणाऱ्याने किमान एक वर्ष आधी त्या लोकांची भाषा, इतिहास आणि चालीरीती शिकायला सुरुवात करावी, परमोच्च प्रावीण्य नको, पण यजमानाच्या आजीला नमस्कार करून तिची विचारपूस करता आली पाहिजे. तिसरी : एक पूर्ण गळीत हंगाम, आठवड्यातून निदान दोन संध्याकाळी, त्याने ऊसतोड मजुरांच्या वस्तीवर काम केलेले असावे, जेथे ऊस नाही तेथे वीटभट्टी असेल, झोपडपट्टी असेल, वृद्धाश्रम असेल. चौथी : विमानभाडे स्वतः कमवावे; लोकांनी दिलेली पै न पै त्या यजमान धर्मप्रांताला पोहोचावी, आणि परतल्यावर छायाचित्रांच्या आधी हिशेब वाचून दाखवावा. या चार अटींत जो टिकेल त्याला मी माझ्या हाताने तेल लावून, डोक्यावर हात ठेवून पाठवीन. त्याने दहा दिवसांऐवजी दहा वर्षे राहावे, अशीही प्रार्थना करीन.

काहींना वाटेल, असल्या अटी घातल्या तर कोणी जाणारच नाही. वाचकहो, असे झाले तर आपल्याला एक सत्य कळलेले असेल : जायचे कोणाला नव्हतेच, फिरायचे होते. फिरणे हे पाप नाही. सुट्टीत समुद्र पाहावा, डोंगर पाहावे, देवाच्या सृष्टीचे कौतुक करावे. परंतु आपल्या सहलीला क्रुसाचे नाव देऊ नये आणि दुसऱ्याच्या दारिद्र्याचे तिला तोरण बांधू नये.

आमचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. लहान धर्मप्रांत, विखुरलेली कुटुंबे, मोजकी साधने. आपण कोणाला काय देणार, असे म्हणून हातपाय गाळून बसण्याचे कारण नाही. संत गोन्सालोपाशी वसईची श्रीमंती नव्हती. त्याच्यापाशी जपानच्या लोकांचे शब्द होते. ते त्याने वर्षानुवर्षे, एकेक करून गोळा केले होते. यंदाचा गळीत हंगाम सुरू होईल तेव्हा आपल्या तरुणांनी वहीपेन घेऊन कोप्यांकडे जावे आणि पहिल्या संध्याकाळी कोणाला काही न वाटता फक्त एवढेच विचारावे : तुमच्या बोलीत पाण्याला काय म्हणतात?